बीड जिल्ह्यात राहून तेलाचे दर्दी कसे व्हावे

ज्यांना तेलातलं कळावं अशी हौस आहे आणि ज्यांचं घर बीड जिल्ह्यात आहे, त्यांनी सगळ्यात आधी ऑलिव्हचा नाद सोडावा. झाड वाईट नाही. पण त्याला हिवाळ्यात चांगली लांबलचक थंडी लागते; ती मिळाली नाही तर ते नुसतंच हिरवं राहतं, मोहरत नाही. राजस्थान सरकारने इस्रायलच्या मदतीने २००७-०८ च्या सुमारास ऑलिव्हच्या बागा लावल्या आणि पुढे बिकानेरकडे लूणकरणसरला तेल काढण्याचा कारखानाही उभारला. तिकडच्या वाळवंटात जानेवारीची रात्र हाडं गोठवते. आपल्याकडे थंडी चार दिवसांची पाहुणी. शेकोटीची लाकडं संपायच्या आत निघून जाते.

समजा हट्टाने लावलं आणि फळंही धरली, तरी पुढे एक फजिती आहे. स्पेनमधल्या अर्बेकिना नावाच्या जातीची झाडं अर्जेंटिनातल्या कातामार्का या उष्ण, कोरड्या प्रांतात नेऊन लावली होती. जात तीच, फळ तेच. तेल तपासलं तर त्यातलं ओलिक आम्ल कमी भरलं. तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ऑलिव्ह तेलात ते निदान ५५ टक्के हवं होतं, आणि काही तेलं त्याच्याही खाली उतरली. म्हणजे निव्वळ ऑलिव्हचं तेल, पण दप्तरी ते ऑलिव्ह तेल ठरेना. जात अस्सल आणि पडताळणीत नापास. हा प्रकार समजायला बीडकरांना वेळ लागू नये.

तेव्हा हा धडा करडईचा आहे. आमच्याकडे तिला करडी म्हणतात, तेलाला करडीचं तेल.

धडा लिहायची गरज मागच्या दिवाळीत लक्षात आली. पुण्याहून भाचा आला होता. त्याने पिशवीतून हिरवी बाटली काढली, झाकण अशा हाताने उघडलं जसं काही आत गंगाजल आहे, आणि अण्णांपुढे वाटी सरकवली.

“आजोबा, हे पिकुआल जातीचं. घशाला थोडं झोंबतं, तीच त्याची खूण.”

अण्णांनी बोट बुडवून चाटलं. “तोडलं कवा व्हतं?”

भाच्याने बाटली गोल फिरवून पाहिली. भरल्याची तारीख होती, संपायचीही होती. तोडल्याची नव्हती.

“मंग जात सांगून काय उपेग?” असं म्हणून अण्णांनी बोट टॉवेलला पुसलं.

अण्णांनी आयुष्यात ऑलिव्हचं झाड पाहिलेलं नाही. पण ऑलिव्हचे खरे जाणकारही पहिला प्रश्न हाच विचारतात, हे मला नंतर वाचताना कळलं. लवकर तोडलेल्या कच्च्या फळांचं तेल कमी निघतं पण तिखट आणि टिकाऊ असतं. पिकू दिलेल्या फळांचं भरपूर निघतं आणि मवाळ लागतं. तारीख ठाऊक नसेल तर जातीच्या नावाचं करायचं काय? हाच प्रश्न आपण आता करडीला विचारायला शिकू.

लागणारं साहित्य: एक काळं रान, एक ऑक्टोबर महिना, तिफण किंवा पाभर, वाण ठाऊक असलेलं बी, हाताला गुंडाळायला जुन्या धोतराचा फाडा, आणि असा एक शेजारी जो दर वर्षी तुमच्या आधी पेरतो. शेवटची वस्तू सहज मिळते. बाटली लागत नाही.

पायरी पहिली: आधी पायाखाली बघा

बीड जिल्हा नकाशात एक दिसतो, पायाखाली दोन आहेत. गेवराई, माजलगाव, परळी या बाजूला गोदावरी आणि सिंदफणेच्या आसऱ्याची भारी काळी जमीन. उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर ही बालाघाटाच्या अंगाखांद्यावरची गावं. तिथे वीतभर मातीखाली मुरूम लागतो. पाऊस दोन्हीकडे बेताचाच. जिल्ह्याची सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि सरासरी हा शब्द इथे विनोदानेच घ्यायचा असतो.

करडी पावसावर जगत नाही. पाऊस उघडल्यावर तिला पेरतात आणि मग ती पुढचे चार महिने जमिनीत मुरलेल्या ओलीवर काढते. तिचं सोटमूळ सरळ खाली जातं. जमीन वाट देईल तर माणसाच्या उंचीइतकं, त्याहूनही खोल. काळ्या रानात फेब्रुवारीत दाणा भरायच्या वेळीही त्या मुळाला खाली ओल लागते. मुरमाड रानात मूळ जानेवारीतच खडकावर डोकं आपटतं.

याचा तेलाशी संबंध असा. करडीच्या दाण्यात तेल असतं ते आतल्या गरात. वरचं पांढरं टणक टरफल म्हणजे नुसतं ओझं, आणि जुन्या वाणांत हे ओझं दाण्याच्या जवळजवळ निम्म्या वजनाचं असतं. झाडाची उपासमार झाली की टरफल होतं तेवढंच होतं, गर मात्र आत सुकून जातो. बाहेरून दाणा तसाच दिसतो. घर मोठं, आत माणूस नाही.

म्हणून नवशिक्याने पहिला सराव हा करावा: मूठभर दाणे घ्या, एकेक दाताखाली फोडा, आतला गर जिभेवर घ्या. भरलेला गर लोण्यासारखा पसरतो. पोचट दाण्याचं नुसतं भूस होतं. मोंढ्यातले जुने आडते हे करतात आणि मग भाव सांगताना तोंडावर काही दिसू देत नाहीत. मी ज्या मोंढ्यात करडी घातली तिथे तेलाचा टक्का मोजायचं यंत्र कधी पाहिलं नाही. काटा पाहिला. त्यामुळे पोत्यात गर किती आणि टरफल किती, हे आडत्याच्या दाढेला कळतं आणि शेतकऱ्याच्या पट्टीत उतरत नाही. आपल्याकडे तेलाच्या गुणवत्तेवर कुणी बोलत नाही याचं निम्मं कारण इथे आहे. ज्याचे पैसे मिळत नाहीत त्याची चर्चा कोण करील?

माळाला मात्र नावं ठेवू नका. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते या बालाघाटाच्या उथळ, दगडगोट्याच्या रानाच्याच जिवावर. त्या मातीला फळात साखर भरणं जमतं. करडीत तेल भरणं तिच्या आवाक्यातलं नाही, एवढंच.

दोन सूचना जाता जाता. युरियाचं पोतं पाहून हात शिवशिवला तरी आवरा. जास्तीच्या नत्राने झाड माजतं, दाण्यात प्रथिनं वाढतात आणि तेलाचा टक्का घसरतो. गंधक दिलं तर तेलाला उपयोग होतो. आणि विहिरीला पाणी आहे म्हणून भेगाळलेल्या रानात पाणी सोडू नका. करडीला मर लागते, आणि मग तुम्ही हा धडा पुन्हा पहिल्यापासून वाचाल.

पायरी दुसरी: कॅलेंडर (ही पायरी चुकली तर पुढच्या वाचू नयेत)

पूर्वी रब्बीचं रान वेगळं असायचं. पावसाळाभर ते पड ठेवत, तण आलं की वखराची पाळी घालत, आणि सगळा पाऊस त्याला प्यायला देत. मग उत्तरा सरता सरता, हस्तात, वाफसा बघून तिफण निघायची. ज्वारीच्या रानात अधूनमधून करडीचे तास आणि धुऱ्याकडेने करडीची काटेरी कड. गुरं तोंड घालत नसत. दहा-पंधरा दिवसांनी विरळणी केली की उपटलेली कोवळी रोपं घरी यायची आणि त्या दिवशी करडीची भाजी व्हायची, लसणाच्या फोडणीची. तेलाच्या दर्दीला या भाजीपासून सुरुवात करता आली तर बरं. ऑलिव्हवाल्यांना ही सोय नाही. त्यांचं पान कडू असतं.

मग सोयाबीन आलं. ते जून-जुलैत पेरतात, दसऱ्याच्या आसपास काढतात, आणि त्यानंतर रान रब्बीला मोकळं होतं. कागदावर हे फार छान दिसतं: एका रानात दोन पिकं. प्रत्यक्षात परतीचा पाऊस सोयाबीनची काढणी आठ दिवस लांबवतो, मळणीयंत्र आणखी आठ दिवस मिळत नाही, मधे दिवाळी येते. करडी पडते नोव्हेंबरात. रान तोवर वरून सुकलेलं, आणि खालची ओल सोयाबीन आधीच पिऊन गेलेलं.

कोरडवाहू करडी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरावी, हे कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. या तारखेमागे मोठं शास्त्र आहे, पण तुम्हाला ते एका किड्याच्या रूपाने भेटेल. काळा मावा. डिसेंबर-जानेवारीत ढगाळ हवा पडली की तो शेंड्यावर चढतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीची करडी तोवर राठ झालेली असते, त्याला दाद देत नाही. नोव्हेंबरची करडी नेमकी तेव्हाच कोवळी असते.

हे मी पुस्तकातून लिहीत नाही. एका वर्षी मी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरली, वर अण्णांना सांगितलं की हवामान बदललंय, आता तारखाही बदलायला पाहिजेत. अण्णा काही बोलले नाहीत. जानेवारीत रानातून चालून आलो तर पांढऱ्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिकटा. मावा रस पितो आणि साखरेचं पाणी टाकतो. त्या चिकट्यावर मग काळी बुरशी चढते आणि पान काजळी धरल्यासारखं होतं. पानाला ऊन मिळेना, दाण्याला तेल मिळेना. त्यात फेब्रुवारी-मार्चचं ऊन दाणा भरायच्या वेळीच डोक्यावर आलं. एरवी आमच्या करडीचा घाण्यावर शंभर किलोला पंचवीसच्या आसपास उतारा पडायचा. त्या वर्षी अठरा किलो तेल घेऊन घरी आलो. घाणेवाल्याने पेंडीचा ढीग बघून एकच विचारलं, “कवा पेरली व्हती, सर?” मी तारीख थोडी आधीची सांगितली. त्याला ते कळलं असावं.

उन्हाचा हा हिशेब मात्र प्रत्येक पिकाचा निराळा असतो, आणि दर्दी म्हणवून घ्यायचं तर एवढं पाठ करावंच लागेल. सूर्यफुलाचा दाणा थंडीत भरला तर त्याच्या तेलात लिनोलिक आम्ल जास्त, कडक उन्हात भरला तर ओलिक जास्त. जवसाला थंडी मानवते. गारव्यात त्याच्या तेलात लिनोलेनिक, म्हणजे ज्याला हल्ली सगळे ओमेगा-तीन म्हणतात ते, वाढतं. आणि ऑलिव्हचं उलटं. ऊन वाढलं की त्याचं ओलिकच उतरतं, ते कातामार्काचं आपण पाहिलं. तेव्हा एकच ऊन सूर्यफुलाला ऑलिव्हच्या जवळ नेतं आणि ऑलिव्हला ऑलिव्हपासून लांब. सोयरिकीच्या बैठकीत यापेक्षा सोपं गणित असतं.

पायरी तिसरी: कोणती करडी?

घाण्यावर बसलेल्या कुणालाही विचारा, “मामा, करडी कोणती?” उत्तर येईल, “घरची.” फार खोदलं तर, “काट्याची.” स्पेन-इटलीवाले पिकुआल, कोरोनेइकी, फ्रांतोयो अशी नावं सोयऱ्यांसारखी घेतात, आणि आपल्याकडे चाळीस घरची करडी एका ढिगात पडते. मला विचाराल तर ही नामुष्की आहे, कारण नावं नाहीत असं नाही. राहुरीच्या विद्यापीठाची भीमा आहे, कोरडवाहूला काटक. परभणीच्या विद्यापीठाची, म्हणजे १९७२ साली निघालेल्या आणि आता वसंतराव नाईकांचं नाव असलेल्या, शारदा आहे, परभणी कुसुम आहे, बिनकाट्याची परभणी-४० आहे. फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था १९६८ पासून काम करते आहे. तिने नारी-६ हा बिनकाट्याचा वाण दिला. जुन्या काटेरी वाणांत तेल साधारण २८ ते ३० टक्के. टरफल पातळ करत करत काही नव्या वाणांनी ३५ टक्क्यांच्या पुढे मजल मारली आहे. रान तेच, पाऊस तोच, मजुरी तीच. शंभर किलोमागे पाच-सहा किलो तेलाचा फरक नुसत्या बियाण्याचा.

पण टक्का हा झाला घाणेवाल्याचा प्रश्न. दर्दीचा प्रश्न पुढचा आहे: तेल कसलं?

आपल्या नेहमीच्या करडीच्या तेलात लिनोलिक आम्ल सत्तर टक्क्यांच्या वर असतं. हृदयासाठी करडी, अशी जी ख्याती झाली ती या लिनोलिकमुळे. सफोला हे नावसुद्धा करडईच्या इंग्रजी नावावरून, सॅफ्लॉवरवरून, आलेलं आहे. पण लिनोलिकला एक खोड आहे. ते हवेशी फार लवकर सलगी करतं. पातळ थर उघडा राहिला की सुकून चिकट, मग कडक होतो. म्हणूनच करडीचं तेल जगात रंग आणि वार्निशातही वापरलं गेलं. तुमच्या कढईच्या काठाला जो पिवळा, नखाने न निघणारा थर बसलेला आहे तो हाच उद्योग. आजीला रसायनशास्त्र येत नव्हतं, पण करडीच्या तेलात तळण झालं की उरलेलं तेल ती दुसऱ्यांदा तळणाला कधी घेत नसे.

आता या धड्यातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात पॉल्डन नोल्स नावाचे एक करडईवेडे संशोधक होते. जगभरातून करडईचं बी गोळा करून ते पेरून पाहायचे. भारतातून गेलेल्या बियांत त्यांना काही झाडं अशी सापडली की त्यांचं तेल सुकेच ना. उलटा प्रकार: लिनोलिक थोडं, ओलिक भरपूर. १९६३ साली त्यांनी सहकाऱ्यासोबत हे छापलं आणि दाखवलं की हा सारा एका जनुकाचा खेळ आहे. त्यातून पुढे तिथे यूसी-१ नावाचा वाण निघाला. अशा करडईच्या तेलात ओलिक ७५ टक्क्यांच्या पुढे असतं, म्हणजे चांगल्या ऑलिव्ह तेलाच्या बरोबरीने, आणि ऊन-थंडीने ते फारसं हलत नाही. कातामार्कात ऑलिव्हची जी फजिती झाली ती या काटेरी झुडपाची होत नाही.

म्हणजे ज्या तेलासाठी भाचा पुण्यात बाटलीला हजार रुपये मोजतो, त्याच्या मुख्य आम्लाचा जनुक आपल्याच देशातल्या कुण्या शेतकऱ्याच्या बियाण्याच्या गाडग्यात पडून होता. ते गाडगं बीडचं होतं असा दावा मी करणार नाही. ग्रामसभेत तसा ठराव आला तर हात मात्र वर करीन.

हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेने जास्त ओलिकचे वाण आता आपल्याकडेही काढले आहेत. तळणाला ते तेल उजवं. पण त्याला ऑलिव्ह समजून फसू नका. ऑलिव्हचा झोंबरेपणा फळातल्या कडवट द्रव्यांचा असतो, तो बियाच्या तेलात येत नाही. आणि दोन्ही प्रकारची करडी एका ढिगात घातली तर तेल ना तळणाचं राहतं, ना ख्यातीचं.

पायरी चौथी: काटे आणि माणसं

करडीचा काटा तेलात उतरत नाही. काटेरी आणि बिनकाटेरी यांत चवीचा फरक सांगणारा भेटला तर त्याला उसाचा रस पाजून वाटेला लावा.

काटा हा मजुरीचा प्रश्न आहे. करडी काढायची ती पहाटे, दव असताना, काटे नरम असतात तेव्हा; हाताला फडकं गुंडाळून, विळ्याने. ऊन वर आलं की बोंड सुईसारखं टोचतं आणि दाणेही गळतात. आता काढणीचे महिने बघा: फेब्रुवारी-मार्च. त्या वेळी आमची निम्मी गावं कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडावर असतात. मागे राहिलेल्या म्हातारा-म्हातारीने काट्याची करडी काढावी, ही अपेक्षाच दुष्टपणाची. करडीचं क्षेत्र का घटलं याची कारणमीमांसा करताना लोक पामतेलापर्यंत जातात. जावं, ते खरंच आहे. पण वाटेत उसाच्या फडावर थांबावं.

बिनकाट्याचे वाण या दुखण्यावर निघाले. त्यांच्या पाकळ्या वेचायलाही सोप्या. वाळवून त्यांचा काढा करतात, आणि काही चलाख लोक त्या केशर म्हणून विकतात. कुसुंबी रंग तो हाच. इजिप्तमध्ये ममींच्या कापडावरसुद्धा करडईच्या फुलांचा रंग सापडला आहे. फक्त बिनकाट्याच्या रानात गुरं, हरणं न विचारता जेवायला येतात. अलीकडे गव्हाचं हार्वेस्टर करडीत घालता येतं हे कळल्यापासून काट्याचा धाक बराच गेला आहे. यंत्राला टोचत नाही.

पायरी पाचवी: आभाळ

या पायरीवर तुमच्या हातात काही नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली तेव्हा करडी रानात उभी होती किंवा कापून ढिगाला होती. भिजलेला दाणा काळवंडतो, बोंडातच मोडही येतो. कोंब फुटू लागला की दाणा स्वतःचं तेल स्वतःच खायला घेतो. तेलाची घडी मोडते, आम्लता चढते आणि तेल निघतानाच खवट निघतं. असं तेल कितीही गाळा, वास जात नाही. ऑलिव्हवाल्यांची तीच गत: फळ मार लागून पडून राहिलं की एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणवून घ्यायची ०.८ टक्के आम्लतेची मर्यादा ओलांडतं. फरक इतका की त्यांना तोडल्यावर शक्यतो दिवसाच्या आत घाणा गाठावा लागतो. आपला दाणा नीट वाळवला, दाताखाली कटकन फुटेल इतका, तर महिनोन्‌महिने थांबतो. कणगीत तेल सांभाळायचं तर ते दाण्यातच सांभाळावं. लागेल तसं काढावं.

पायरी सहावी: घाणा

शहरातला सगळा वाद या पायरीवर चालतो. लाकडी की लोखंडी, बैलाचा की मोटरचा. म्हणून ही पायरी मी मुद्दाम छोटी ठेवली आहे. लाकडी घाणा सावकाश फिरतो, तेल कमी तापतं, वास राहतो. पेंडीत तेल जास्त उरतं, ते म्हशीला जातं आणि दुधात परत येतं. एक्सपेलर जास्त पिळतो. तेल्याच्या धंद्याबद्दल आदर बाळगा. तुकोबांचे अभंग उतरवून घेणारे संताजी जगनाडे याच धंद्यातले. पण नोव्हेंबरात पेरलेली, मावा लागलेली, अवकाळीत भिजलेली करडी बाभळीच्या काय, चंदनाच्या घाण्यात घातली तरी आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही. आणि बाटलीवर घाण्याचं चित्र असतं, रानाचं नसतं.

पायरी सातवी: चव

ऑलिव्हचे परीक्षक तेल निळ्या काचेच्या पेल्यात घेतात, रंग दिसू नये म्हणून. पेला तळहातावर धरून २८ अंशांपर्यंत कोमट करतात. बीडमध्ये एप्रिलात ही कृती करायची तर तेल आधी गार करावं लागेल, तेव्हा हा भाग सोडून द्या.

आपली रीत: ज्वारीची गरम भाकरी. पापुद्रा उचलून आत लाल तिखट, मीठ, आणि वर कच्चं तेल, चमचा न मोजता. पहिला घास गप्प बसून खा. चांगल्या करडीला ओल्या लाकडाच्या भुशासारखा, किंचित गवताळ वास येतो आणि तेल जिभेवरून लगेच सरकतं. ओठाला चिकटून राहिलं, किंवा नाकात जुन्या रंगाच्या डब्याची आठवण आली, तर ते हवेला लागलेलं आहे. तळहातावर थेंब चोळून हुंगलं तरी कळतं. फोडणीत फार फेसाळलं तर गाळ नीट बसू दिलेला नाही. आठ दिवस थांबा.

मग, घास गिळल्यावर, तोंड उघडून ठेवणीतले प्रश्न विचारा. पेरली कधी? रान कुठलं? वाण कोणता? भिजली होती का? वाढणारी काकू तुमच्याकडे बघेल आणि म्हणेल, “जेवा आधी.” जेवा.

बाकी तुमच्या तालुक्यात कुणी एकाच वाणाची, वेळेत पेरलेली करडी वेगळी ठेवून वेगळी गाळत असेल तर त्याच्याकडूनच घ्या, आणि दोन रुपये जास्त द्या. काट्यावर त्याला ते मिळत नाहीत. घाणे होळीनंतर नव्या करडीला लागतात. जाताना डबा घरून न्या. तिथे बाटली मिळत नाही.